सुटीतील समुद्रस्नान : रुग्णाला काय सांगावे?

दिवाळीची सुटी लागली की निलंगा, औसा, उदगीर, लातूर, नांदेड या भागांतून कोकणाकडे आणि गोव्याकडे जाणाऱ्या गाड्या भरू लागतात. हा ओघ नाताळच्या सुटीपर्यंत आणि पुढे शाळांच्या सहलींच्या रूपाने माघ महिन्यापर्यंत चालू राहतो. निघण्यापूर्वी दोन-चार दिवस यांतील अनेक कुटुंबे आपल्या चिकित्सालयात डोकावून जातात. कोणाला प्रवासात लागणारी औषधे हवी असतात, कोणाला चालू औषधांचे पथ्य विचारायचे असते. आणि जाता जाता एक प्रश्न हमखास येतो : ‘डॉक्टरसाहेब, तिकडे गेल्यावर समुद्रात उतरलं तर चालेल ना?’

या प्रश्नाला आपण सामान्यतः दोन प्रकारची उत्तरे देतो. एक, ‘थंडीचे दिवस आहेत, सर्दी होईल, जपून’. आणि दुसरे, ‘तिकडे उबदार असते, काही होत नाही’. दोन्ही उत्तरे प्रतिश्यायाचा विचार करून दिलेली असतात. प्रतिश्याय चार-सहा दिवसांत बरा होतो. समुद्रात उतरण्याच्या निर्णयात खरोखर पणाला लागते ते प्राण, आणि त्याविषयी आपण बहुधा अवाक्षरही काढत नाही. ‘तो आपला विषय नाही’ असे म्हणावे तर आपल्या संहितांनी तो सोडलेला नाही. म्हणून प्रस्तुत लेखात या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करू.

संहितांतील दोन वेगळे निषेध

स्नानाचे निषेध आपल्या सर्वांना पाठ आहेत. अर्दित, नेत्ररोग, मुखरोग, कर्णरोग, अतिसार, आध्मान, पीनस, अजीर्ण या अवस्थांमध्ये आणि भोजनानंतर स्नान करू नये, असे अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात वाग्भटाचार्यांनी सांगितले आहे. हा निषेध दोष आणि अग्नी यांच्या विचारातून आलेला आहे.

परंतु त्याच अध्यायात, सद्वृत्ताच्या वर्णनात, एक निराळा निषेध येतो. बाहूंच्या बळावर नदी ओलांडू नये, आणि जिच्याविषयी शंका आहे अशा नावेत बसू नये. चरकाचार्य सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायात याहून स्पष्ट आहेत; पाण्याच्या उग्र वेगात अवगाहन करू नये, असे ते सांगतात. येथे कफ नाही, पीनस नाही, अग्निमांद्य नाही. निरोगी, बलवान, दीप्ताग्नी पुरुषालाही हा निषेध लागू आहे, कारण येथे हेतू पाण्याचा वेग हा आहे. त्याच अध्यायात आणखी एक बारीक सूचना आहे : क्लम नाहीसा झाल्याशिवाय स्नान करू नये. सोलापूर-कोल्हापूर मार्गाने रात्रभर बसमध्ये अवघडून बसलेला प्रवासी सकाळी किनाऱ्यावर पोहोचतो, खोलीत सामान टाकतो आणि तसाच पाण्याकडे धावतो. त्याच्यासाठीच जणू ही सूचना लिहिलेली आहे.

पोहण्याला शास्त्राचा विरोध आहे असा अर्थ मात्र येथून काढू नये. ऊरुस्तंभाच्या चिकित्सेत चरकाचार्यांनी रुग्णाला प्रवाहाविरुद्ध पोहावयास सांगितले आहे. जेथे स्नेहन आणि पंचकर्मे वर्ज्य ठरतात अशा व्याधीत कफ आणि मेद यांच्या क्षपणासाठी पोहणे हे औषध म्हणून येते. पण तेथे नदीला लावलेले विशेषण पाहावे : ‘शिवा’, म्हणजे निर्धोक. सरोवर सांगितले आहे तेही ‘स्थिरतोय’, म्हणजे ज्याचे पाणी हलत नाही असे. पोहण्याचे विधान करताना पाण्याचीही परीक्षा सांगितली आहे, आणि आपण रुग्णाला परवानगी देताना नेमकी तीच गाळतो.

पाण्यातील प्राण्यांचा धोकाही या ‘शिवा’ शब्दात येतो. ही केवळ जुन्या काळची गोष्ट नव्हे. अंदमानातील हॅवलॉक बेटावर (२०१८ पासून त्याचे नाव स्वराज द्वीप) राधानगर किनाऱ्यालगत २०१० साली एका परदेशी तरुणीचा खाऱ्या पाण्यातील मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. अलीकडे आपल्याकडूनही अंदमानला जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे. त्यांना तेथील सूचनाफलक वाचूनच पाण्यात उतरावयास सांगावे.

ऋतू पंचांगातला आणि ऋतू किनाऱ्यावरचा

मार्गशीर्ष-पौषात निलंग्यात पहाटे हुडहुडी भरते. हवा कोरडी, त्वचा रूक्ष, ओठ फुटलेले. हेमंत-शिशिराची संहितोक्त चर्या येथे तंतोतंत लागू पडते. तोच मनुष्य एका रात्रीत किनाऱ्यावर जातो तेव्हा दुपारचे तापमान तीस अंशांच्या वर असते, हवा दमट असते, आणि समुद्राचे पाणी डिसेंबर-जानेवारीतही साधारण २७-२८ अंश उष्ण असते. आपल्या घरच्या हौदातील पहाटेच्या पाण्यापेक्षा ते कितीतरी उबदार. म्हणून ‘हेमंतात पोहू नका’ असे सरधोपट सांगणे योग्य नाही. कालाबरोबर देशही पाहावा लागतो. जांगल-साधारण देशातून आनूप देशात गेलेल्या व्यक्तीच्या बाबतीत महिन्याच्या नावापेक्षा प्रत्यक्ष ऋतुलक्षणे प्रमाण मानावीत.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. पहिली, हेमंतातील बलवान अग्नीच्या भरवशावर जे गुरू अन्न येथे पचते ते तेथील उकाड्यात, तळलेल्या मासळीच्या रूपाने, जागरणानंतर पचेलच असे नाही. दुसरी, थंडीची बाधा पाण्यात होत नाही. ती पाण्यातून बाहेर आल्यावर, ओल्या कपड्यांवर वारा लागताना होते. लहान मुलांना वीस मिनिटांच्या वर एका वेळी पाण्यात ठेवू नये, ओठ निळसर दिसू लागले किंवा कापरे भरले की लगेच बाहेर काढून अंग कोरडे करावे. नंतर गोड्या कोमट पाण्याने स्नान, आणि सायंकाळी तिळाच्या तेलाचा अभ्यंग. एवढ्याने बहुतेकांचे निभावते.

व्यायामाच्या मात्रेविषयी शीतकालात अर्धशक्तीचा दंडक आहे. त्याची लक्षणे आपण कपाळ, नाक, सांधे यांवरील घामावरून ओळखतो. पाण्यात घाम कळत नाही! पोहणाऱ्याला आपण किती दमलो याचा अंदाज येत नाही याचे हे एक कारण आहे. तेथे सुश्रुताचार्यांनी दिलेले लक्षण उपयोगी पडते : वायू मुखावाटे येऊ लागणे, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागणे. तसे होऊ लागले की थांबावे. समुद्रात अर्धशक्तीला आणखी एक अर्थ आहे. जेवढी शक्ती आत जाण्यात खर्च होते तेवढी, किंबहुना तिच्याहून अधिक, परत येण्यासाठी लागते.

विहिरीत पोहणारा समुद्रात का फसतो?

आपल्या भागातील मनुष्य पोहायला शिकतो तो विहिरीत. पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून, वरून काकाने किंवा मोठ्या भावाने ढकलून दिलेल्या अवस्थेत. तेरणा आणि मांजरा या नद्या निलंगा तालुक्यातून वाहतात खऱ्या, परंतु वर्षातील फार थोडे दिवस त्यांना पोहण्याजोगे पाणी असते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ज्या भागाने असे उन्हाळे पाहिले तेथील मुलांना पोहायला शिकवणार तरी कोठे? परिणामी आज सहलीला जाणाऱ्या कुटुंबात बहुधा असे चित्र असते : आजोबा आणि वडील विहिरीत पट्टीचे पोहणारे, आणि मुले अजिबात न पोहणारी. मुले घाबरतात, सांभाळून राहतात. मोठ्यांना आत्मविश्वास असतो, आणि अधिक धोका त्या आत्मविश्वासाचाच.

विहीर म्हणजे संहितेतील ‘स्थिरतोय’. चार हात मारले की कडा लागते, पायरी लागते, नाहीतर मोटारीचा पाइप तरी हाती येतो. पाणी माणसाला कोठेही नेत नाही. समुद्रात याच्या उलट. खारट पाण्याची घनता अधिक असल्यामुळे शरीर सहज तरंगते आणि ‘येथे तर आणखी सोपे आहे’ असा भ्रम होतो. पण पाणी स्वतःच चालत असते, आणि किनारा हा धरण्याचा काठ नसतो.

त्यातही एक सवय फार घातक आहे, ती म्हणजे सूर मारण्याची. विहिरीत वीस-तीस फूट पाणी असते. वरून डोक्याकडून झेप घेतली तरी तळ लागत नाही. किनाऱ्यालगतच्या लाटेत किंवा हॉटेलच्या तलावात त्याच सवयीने सूर मारला तर डोके तळावर आदळते, मानेचा मणका मोडतो आणि मज्जारज्जूला इजा होऊन चारही अवयव लुळे पडू शकतात. विहिरीत वाढलेल्या प्रत्येक तरुणाला हे एक वाक्य आपण आवर्जून सांगावे : तेथे पाय खाली ठेवूनच पाण्यात शिरायचे.

आता समुद्राच्या ओढीविषयी. लाटा सतत पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात. हे आलेले पाणी परत जाण्यासाठी वाळूतील एखादा खोलगट पट्टा शोधते आणि तेथून अरुंद, वेगवान प्रवाहाच्या रूपाने आत जाते. हा पट्टा दिसायला फसवा असतो. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मध्ये तेवढ्या भागात पाणी शांत, किंचित गढूळ दिसते. अनभिज्ञ प्रवासी नेमकी तीच ‘शांत’ जागा निवडतो. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाचे पाय तेथे सुटतात. तो किनाऱ्याच्या दिशेने, म्हणजे प्रवाहाच्या थेट विरुद्ध, जिवाच्या आकांताने हात मारू लागतो, आणि दमून बुडतो. उत्तम पोहणाराही या प्रवाहाशी झुंजून जिंकत नाही. उपाय साधा आहे. मात्र तो आधीच माहीत असावा लागतो. प्रवाहाशी झगडू नये, पाठीवर तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी. आणि पोहता येत असल्यास किनाऱ्याला समांतर पोहून त्या अरुंद पट्ट्याबाहेर पडावे व मग लाटांबरोबर तिरके परत यावे. प्रवाह मनुष्याला आत नेतो, पाण्याखाली ओढत नाही, हे कळले की घबराट निम्मी कमी होते.

खडकाळ टोके आणि खाडीची मुखे यांच्याजवळ ही ओढ अधिक असते. गणपतीपुळ्याला दर्शनानंतर समुद्रात उतरलेले भाविक बुडाल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूड येथे पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थी एका दुपारी बुडाले. ऐन हिवाळा होता, पावसाळ्याचा खवळलेला समुद्र नव्हता. देशात दरवर्षी बुडून मरणाऱ्यांची सरकारी नोंद ३० हजारांहून अधिक असते. त्यात विहिरी, तळी, नद्या सारे आले.

तिथीवरून भरतीची वेळ

येथे पंचांग वापरणाऱ्या वैद्याला एक हातचे साधन उपलब्ध आहे. कोकणात जुन्या लोकांचा एक आडाखा आहे : तिथीची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमी असेल तर सहा. पूर्ण भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासून मोजावे. हा हिशेब मुंबई-अलिबागच्या बाजूला बराच जुळतो. दक्षिणेकडे गोव्यापर्यंत जाताना वेळ साधारण तासाभराने अगोदर येते. अर्धा-पाऊण तासाचा फरक सर्वत्र धरूनच चालावे.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, म्हणजे भरती सर्वांत उंच आणि ओहोटी सर्वांत खोल. तेवढेच जास्त पाणी तेवढ्याच वेळात ये-जा करते, म्हणून प्रवाहांचा वेगही अधिक. मुंबईकडे उधाणाला पाण्याच्या पातळीत चार-साडेचार मीटरपर्यंत फरक पडतो. गोव्याला त्याच्या निम्म्याहून थोडा अधिक. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात आणि हा फरक बराच कमी होतो.

आता दिवाळीचे पाहा. लक्ष्मीपूजन अमावास्येला. म्हणजे दिवाळीची सहल ही नेहमीच उधाणाच्या दिवसांतली सहल असते. अमावास्येला पूर्ण भरती साडेअकरा-बाराच्या सुमारास, पाडव्याला पाऊणच्या, भाऊबीजेला दीडच्या. त्यानंतर सायंकाळपर्यंत ओहोटी. प्रवासी काय करतो? सकाळी आवरतो, देवदर्शन किंवा किल्ला पाहतो, दोन वाजता जेवतो आणि तीन-साडेतीनला पाण्यात उतरतो. हीच उधाणाच्या ओहोटीची ऐन भराची वेळ. पाणी मागे हटत असते, माणसे त्याच्या मागे मागे पुढे जात असतात, आणि खाडीच्या तोंडाशी तर सारे पाणी बाहेर धावत असते. एवढी एक गोष्ट जरी आपण दिवाळीपूर्वी रुग्णांना सांगितली तरी तिचा उपयोग होईल असे प्रस्तुत लेखकाला वाटते. नाताळची तिथी दरवर्षी बदलते. दिनदर्शिकेत पाहून सांगावी.

मात्र या आडाख्याला परवानापत्र समजू नये. मुरूडची दुर्घटना घडली त्या दिवशी पौष वद्य अष्टमी होती. म्हणजे उधाण नव्हते. तिथी फक्त अधिक धोक्याची वेळ सांगते, निर्धोकपणाची हमी देत नाही. ती हमी जवळपास कोठे मिळत असेल तर ती जीवरक्षकाच्या नजरेत. गोव्यात २००८ पासून शासनाने प्रमुख किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षक नेमलेले आहेत. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा पोहण्यासाठी, आणि लाल झेंडा म्हणजे उतरू नये. महाराष्ट्रात अशी व्यवस्था काही मोजक्याच किनाऱ्यांवर आहे. जेथे जीवरक्षक नाही तेथे गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये, स्थानिक कोळी बांधवांना विचारल्याशिवाय तर मुळीच नाही. सूर्यास्तानंतर कोणीही नाही.

कोणाला उतरू देऊ नये

अपस्माराचा रुग्ण या यादीत सर्वप्रथम येतो. चरकाचार्यांनी अपस्मारचिकित्सेत अपस्मारी आणि उन्मादी या दोघांनाही जल, अग्नी, वृक्ष आणि पर्वत यांपासून सदैव जपावे असे सांगितले आहे. वेग आला तर घरात मनुष्य पडतो आणि उठतो. पाण्यात तो बुडतो, तोही आवाज न करता. औषधे नियमित चालू आहेत, वर्षभरात वेग आलेला नाही, असे सांगितले तरी रात्रीचे जागरण हे वेगाला निमंत्रण देणारे कारण आहे आणि सहलीत जागरण होतेच. अशा रुग्णाला समुद्रापासून स्पष्ट शब्दांत परावृत्त करावे. ‘जपून’ हा शब्द येथे अपुरा आहे.

हृद्रोगाच्या रुग्णाला जिने चढताना धाप लागत असेल तर लाटांशी झुंज देणे त्याच्या आवाक्यातले नाही. मधुमेही मनुष्याचा विचार मात्र थोडा सविस्तर करावा. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याची रक्तशर्करा पोहण्याच्या श्रमाने एकाएकी उतरू शकते, आणि घाम, थरथर, धडधड ही पूर्वसूचना पाण्यात लक्षात येत नाही. पायांची संवेदना कमी झालेली असेल तर दुपारच्या तापलेल्या वाळूत अनवाणी चालताना तळवे भाजतात, शंख-शिंपल्यांनी कापले तरी कळत नाही. उबदार समुद्राच्या पाण्यातील काही जिवाणू अशा जखमेतून शिरून झपाट्याने पसरणारा व्रण उत्पन्न करतात; मधुमेही आणि यकृतविकाराचे रुग्ण यांत तो जीवघेणा ठरू शकतो. उघडा व्रण असेल तर समुद्रस्नान टाळावे. रबरी पादत्राणे घालून किनाऱ्यावर फिरण्यास हरकत नाही. सहलीहून आल्यावर अशा रुग्णाचे पाय आपण स्वतः पाहावेत.

कर्णस्राव किंवा कर्णपटलाला छिद्र असेल तर डोके पाण्याखाली नेऊ नये. पीनस आणि तमकश्वासाचे रुग्ण वेगाच्या काळात नकोत. एरवी उबदार पाण्यात थोडा वेळ सोसते. गर्भिणीने लाटांत जाऊ नये, पोटावर लाटेचा तडाखा बसतो. नस्यकर्म, स्नेहपान, विरेचन चालू असताना सहलच पुढे ढकलणे उत्तम. स्नान करू इच्छिणाऱ्याला नस्य वर्ज्य आहे हे आपण जाणतोच.

मद्याविषयी अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही. प्यायलेल्याने पाण्यात जाऊ नये. त्याला पाण्याची, वेळेची आणि स्वतःची मात्रा कळत नाही.

भोजनानंतरच्या निषेधाविषयी मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. जेवून पोहल्याने पोटात गोळा येतो आणि मनुष्य बुडतो, ही समजूत जगभर आहे. परंतु आजच्या अभ्यासांत जेवण हे बुडण्याचे कारण असल्याचा आधार मिळालेला नाही. आपला निषेध पचनाच्या दृष्टीने आहे आणि त्या दृष्टीने तो पाळावा. पण ‘जेवलो नाही, म्हणजे सुरक्षित’ असा त्याचा उलटा अर्थ रुग्णाने काढू नये, याची काळजी आपण घ्यावी.

औषधी दुकानदारांसाठी

प्रवासात उलटी होऊ नये म्हणून मागितल्या जाणाऱ्या अॅव्होमिनसारख्या गोळ्या आणि सर्दी-खाजेसाठीच्या काही गोळ्या गुंगी आणतात. रात्रीच्या बसमध्ये घेतलेल्या गोळीचा अंमल सकाळी किनाऱ्यावर असू शकतो. गोळी देताना ‘सकाळी लगेच पाण्यात उतरू नका’ एवढे सांगण्यास खर्च येत नाही. प्रवासातील मळमळीवर आलेपाक किंवा सुंठीचा तुकडा पुष्कळांना पुरतो.

आपल्याच कपाटातील दोन औषधांकडेही लक्ष वेधावेसे वाटते. श्वित्राच्या रुग्णाला आपण बाकुची देतो, पोटातून किंवा तेलाच्या रूपात. बाकुची त्वचेची उन्हाप्रती संवेदनशीलता वाढवते. किनाऱ्यावरील उन्हात, जेथे वाळू आणि पाणी दोन्हींवरून किरण परततात, अशा रुग्णाच्या अंगावर फोड उठू शकतात. भल्लातकाचे कल्प घेणाऱ्यालाही आतप वर्ज्य आहे. यांची नोंद असलेले रुग्ण सहलीला निघाले तर औषध केव्हा थांबवायचे हे चिकित्सकाला विचारण्यास सांगावे. तीळ किंवा खोबरेल तेल अंगाला लावल्याने ऊन लागत नाही, हा समज खरा नाही. अंगभर सुती कपडे आणि दहा ते चार या वेळात सावली हाच भरवशाचा उपाय.

जेलीफिशचा दंश झाल्यास समुद्राच्याच पाण्याने धुवावे, तंतू काठीने किंवा चिमट्याने काढावेत आणि तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटे तरी ठेवावा. वाळूने चोळणे, गोडे पाणी ओतणे, मूत्र लावणे यांनी वेदना वाढते. २०१३ च्या गणेशविसर्जनात मुंबईत गिरगाव चौपाटीवर पाकट माशांनी अनेकांना काटे मारले होते. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता सरकवत चालले तर पाकट आधीच दूर होतो. श्वास लागला, चक्कर आली किंवा अंगभर गांधी उठल्या तर रुग्णालय गाठावे.

बुडणाऱ्याला काढल्यानंतर

बुडणाऱ्यामागे उडी टाकणारा दुसरा माणूसही बुडतो, हे अशा दुर्घटनांत पुन्हा पुन्हा दिसते. दोरी, टायरची ट्यूब, रिकामा बंद कॅन, ओढणी, उपरणे, जे हाती येईल ते फेकावे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, सत्ताविसाव्या अध्यायात, पोटात पाणी गेलेल्या मनुष्याचे डोके खाली करून पीडन करावे, हलवावे, वमन करवावे किंवा तोंडापर्यंत राखेच्या राशीत पुरावे असे वर्णन आहे. आजही गावोगाव बुडालेल्याला उलटे धरणे, पोट दाबणे, गरगर फिरवणे हे प्रकार होतात आणि बघ्यांमध्ये एखादा वैद्य असला की त्याच्याकडूनही तीच अपेक्षा असते. त्या काळी श्वसनक्रियेचे जे ज्ञान उपलब्ध होते त्यानुसार तो प्रयत्न होता आणि त्याबद्दल आदर असावा. परंतु आज ही क्रिया करू नये, असे निःसंदिग्धपणे म्हटले पाहिजे. बुडालेला मनुष्य प्राणवायूअभावी मरतो; पोटातील पाणी हे मृत्यूचे कारण नसते. पोट दाबल्याने आतील अन्न वर येऊन श्वासमार्गात जाते आणि मोलाची दोन-तीन मिनिटे वाया जातात.

मनुष्य हाक मारल्यास प्रतिसाद देत नसेल आणि श्वास घेत नसेल तर उताणा निजवावा, कपाळ मागे व हनुवटी वर करून श्वासमार्ग मोकळा करावा, नाक चिमटीत धरून तोंडाने दोन ते पाच श्वास द्यावेत. छाती दाबण्याआधी श्वास, हा बुडालेल्याच्या बाबतीतला विशेष. नंतर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या गतीने, प्रौढात सुमारे पाच सेंटिमीटर खोल असे तीस दाब आणि दोन श्वास, हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. दुसऱ्या कोणी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हे वाचून येत नाही, हातांनी शिकावे लागते. संघटनेच्या जिल्हा शाखांनी भूलतज्ज्ञांच्या साहाय्याने दिवाळीपूर्वी याचे एखादे प्रात्यक्षिक ठेवल्यास चिकित्सक आणि दुकानदार दोघांचीही सोय होईल.

पाण्यातून काढलेला मनुष्य शुद्धीवर आला, बोलू लागला, की सोबतचे लोक सुटकेचा निःश्वास टाकतात आणि त्याला खोलीवर नेऊन झोपवतात. फुप्फुसात गेलेल्या पाण्यामुळे काही तासांनंतर श्वास वाढू शकतो. खोकला, छातीत जडपणा, थकवा किंवा गुंगी यांपैकी काहीही असेल तर त्याला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे आणि सहा ते आठ तास देखरेखीखाली ठेवावे. निलंग्याला परतण्याची गाडी त्या रात्री चुकली तरी चालेल.